वनजिल्ह्यांतील तरुणाई, नैराश्य आणि दूरस्थ वैद्यकीय उपचार : धर्मग्रामांसाठी माहितीपर लेख



आजाऱ्यांची सेवा हे ख्रिस्तसभेचे पहिल्या शतकापासूनचे व्रत आहे. कुष्ठरोगी, क्षयरोगी, हिवतापाने फणफणलेली बालके, अडलेल्या गर्भवती माता यांच्यासाठी आपल्या धर्मभगिनींनी व धर्मगुरूंनी या जंगलपट्ट्यात दवाखाने उघडले, मैलोगणती पायपीट केली. परंतु एक आजार असा आहे की ज्याचा ताप तापमापकावर चढत नाही आणि ज्याची जखम डोळ्यांना दिसत नाही. तो आजार म्हणजे नैराश्य. आपल्या तरुण मुला-मुलींमध्ये तो आढळतो. तो ओळखता येतो व बराही होतो. तरीही चंद्रपूर व गडचिरोलीच्या अंतर्भागातील कुटुंबाला मानसोपचारतज्ज्ञ गाठणे आजवर फार अवघड होते. आता दूरध्वनी व दृक्‌श्राव्य संपर्काच्या साहाय्याने घरी, उपकेंद्रात किंवा धर्मग्रामाच्या आवारात बसून डॉक्टरांची भेट घेता येते. ही सोय काय आहे, ती कशी वापरावी, तिच्या मर्यादा कोणत्या आणि ख्रिस्ती समाज म्हणून आपले कर्तव्य कोणते, याची माहिती आम्ही या लेखात एकत्रित देत आहोत.

आपला प्रदेश आणि अंतराचा प्रश्न

१९६२ साली चांदा मिशन प्रदेशाची स्थापना होऊन तो सी.एम.आय. संघाच्या मिशनऱ्यांकडे सोपविण्यात आला व १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. बल्लारपूर येथे मुख्यालय असलेल्या या चांदा धर्मप्रांतात आज चंद्रपूर, गडचिरोली व वर्धा हे तीन जिल्हे येतात. पूर्वीचा चंद्रपूर जिल्हा विभागून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२, तर क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे जेमतेम चौऱ्याहत्तर माणसे. जिल्ह्याचा बहुतांश भाग घनदाट वनांनी व्यापलेला आहे.

या आकड्यांचा अर्थ आजारी माणसाला नेमका कळतो. सिरोंचाहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. भामरागडहून दीडशे किलोमीटरहून अधिक. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याचे आपण अनेक पावसाळ्यांत वाचले आहे. शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये राज्यात चारच आहेत : ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर. आपल्याला जवळचे नागपूर. पण गडचिरोलीपासूनच ते पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. मजुरी बुडवून, दोन माणसांचे भाडे भरून, रात्र कुठे तरी काढून जी भेट पदरी पडते ती दहा-पंधरा मिनिटांची असते. नैराश्याच्या उपचारात तर अशा अनेक भेटी लागतात. त्यामुळे पुष्कळ कुटुंबे पहिल्या भेटीनंतर पुन्हा जात नाहीत, आणि त्याहून अधिक कुटुंबे पहिल्या भेटीलाही जात नाहीत.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, नैराश्याने ग्रस्त असलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी सुमारे पंच्याऐंशी व्यक्तींना उपचार मिळत नव्हते. तेरा ते सतरा वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता. तथापि आपल्याकडील चित्र याहून उजळ असेल असे मानण्यास आधार नाही.

नैराश्य म्हणजे काय?

दुःख आणि नैराश्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत अपयश आले, पीक बुडाले, घरात मृत्यू झाला तर मन खिन्न होणे हे स्वाभाविकच आहे. असे दुःख माणसांच्या सहवासात हळूहळू ओसरते. मात्र मनाची उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे ही अवस्था दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतांश वेळ, जवळजवळ रोज राहिली आणि तिच्यासोबत झोप बिघडणे, भूक मंदावणे किंवा अति वाढणे, सतत थकवा, लक्ष न लागणे, स्वतःला कुचकामी वा अपराधी समजणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे असली, तर तो आजार समजावा.

आपल्याकडे कोणी सहसा ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ‘करमत नाही’, ‘जीव लागत नाही’, ‘डोके जड राहते’, ‘अंग गळून गेले’, ‘छातीत धडधडते’ असे शब्द कानी पडतात. तरुणांमध्ये तर उदासीपेक्षा चिडचिड, अबोला, अभ्यासात घसरण, मित्रांना टाळणे, दारू किंवा खर्ऱ्याकडे वळणे अशी लक्षणे ठळक दिसतात. घरचे त्याला आळस, उद्धटपणा वा वाईट संगत म्हणतात. काही ठिकाणी ‘बाहेरचे झाले’ म्हणून मांत्रिकाकडे नेले जाते. यात आई-वडिलांचा हेतू वाईट नसतो. पण महत्त्वाचे महिने हातचे जातात.

आपल्या तरुणांवरील भार

नैराश्याला एकच एक कारण नसते. आनुवंशिकता, शरीरातील बदल, बालपणीचे आघात व भोवतालची परिस्थिती यांच्या एकत्रित परिणामातून तो आजार उद्भवतो. आपल्या प्रदेशात काही भार विशेषत्वाने जाणवतात. लहान वयात घर सोडून आश्रमशाळेत वा वसतिगृहात राहणारी मुले; पोलीस भरती व स्पर्धा परीक्षांच्या एका यादीवर सगळे आयुष्य टांगून बसलेले पदवीधर; बल्लारपूर-चंद्रपूरच्या कारखाने व खाणपट्ट्यात कंत्राटी काम करणारे तरुण; वाघाच्या हल्ल्यात आई वा वडील गमावलेली ब्रह्मपुरी-ताडोबा परिसरातील कुटुंबे; अनेक वर्षे बंदुकीच्या सावलीत वाढलेली दक्षिण गडचिरोलीतील पिढी. यांपैकी प्रत्येकाला नैराश्य येतेच असे नाही. पण ज्याला येते त्याच्यासमोर आजाराबरोबरच गरिबी व एकटेपणही उभे असते.

यात घरातील दारूचा वाटा मोठा आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. कायदा काहीही असो, ज्या घरात रोज संध्याकाळी भांडण होते त्या घरातील मुलाच्या मनावर त्याचा परिणाम होतोच.

दूरस्थ उपचार : आजवरची वाटचाल

दूरवरच्या रुग्णाला पडद्यावर डॉक्टर दाखविण्याचे प्रयोग आपल्या देशात २००० सालापासून, आंध्र प्रदेशातील आरागोंडा या खेड्यापासून, सुरू झाले. मानसिक आजारांच्या बाबतीत चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने २०१० साली तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात एक बस फिरविण्यास प्रारंभ केला. बसमध्ये रुग्ण बसत असे, चेन्नईतील तज्ज्ञ पडद्यावरून बोलत असत आणि औषधे बसमध्येच मिळत असत. या प्रयोगाने एक गोष्ट दाखवून दिली. मानसोपचारात डॉक्टरांचे मुख्य साधन म्हणजे ऐकणे, विचारणे व निरीक्षण करणे. आणि हे साधन पुष्कळ अंशी दुरूनही वापरता येते.

२५ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या साथीच्या आरंभी, केंद्र शासनाने दूरस्थ वैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यामुळे नोंदणीकृत डॉक्टरांना दूरध्वनीवरून, दृक्‌श्राव्य माध्यमातून किंवा लेखी संदेशाद्वारे रुग्णास सल्ला देण्यास स्पष्ट आधार मिळाला. १३ एप्रिल २०२० रोजी ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या सेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. त्यानंतर १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र शासनाने ‘टेलिमानस’ ही केवळ मानसिक आरोग्यासाठीची सेवा सुरू केली. तिचे मार्गदर्शन निमहान्स संस्था करते.

कोणती सेवा कशी वापरावी?

१) टेलिमानस. १४४१६ किंवा १८०० ८९१ ४४१६ हा क्रमांक फिरवावा. सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालते. स्मार्टफोनची गरज नाही. साधा फोनही चालतो. भाषा निवडता येते व मराठी उपलब्ध आहे. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. त्यांना गरज वाटल्यास ते पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयाची वाट दाखवितात. स्वतः रुग्णच नव्हे तर त्याचे आई-वडील, शिक्षक, मित्र यांनाही सल्ल्यासाठी फोन करता येतो.

२) ई-संजीवनी. ही सेवा दोन प्रकारे मिळते. एक, स्वतःच्या मोबाईलवरून. दुसरा प्रकार आपल्या गावांसाठी अधिक सोयीचा : गावाच्या उपकेंद्रात, म्हणजे आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसून दूरच्या डॉक्टरांशी संपर्क जोडून देतात. ज्यांच्याकडे चांगला फोन नाही त्यांनी आधी येथे चौकशी करावी. तज्ज्ञ कोणत्या दिवशी उपलब्ध असतात हे तेथेच विचारून घ्यावे.

३) जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ पासून त्याचा जिल्हास्तरीय भाग सुरू झाला. या कार्यक्रमाची व बाह्यरुग्ण दिवसांची माहिती गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात, तसेच चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात विचारावी. पहिली भेट प्रत्यक्ष व पुढील भेटी दुरून, अशी सांगड घालता येते काय, हेही अवश्य विचारावे. तज्ज्ञांच्या मते ही पद्धत पुष्कळांना मानवते.

४) खासगी डॉक्टर. नागपूर वा अन्य शहरांतील अनेक मानसोपचारतज्ज्ञ आता दुरून भेट देतात. येथे सावधगिरी हवी. डॉक्टरांचे नाव, पदवी व वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक औषधचिठ्ठीवर असलाच पाहिजे. रुग्णाचे नाव-वय न विचारता किंवा कोणतीही चौकशी न करता औषधे पाठविणाऱ्यांपासून दूर राहावे. ‘एका महिन्यात हमखास बरे’ अशी जाहिरात करणाऱ्यांपासून तर अधिकच.

पहिली भेट कशी असते?

अनेक तरुण केवळ अज्ञात भीतीपोटी फोन करीत नाहीत. म्हणून पहिल्या भेटीत काय घडते हे येथे सांगतो.

डॉक्टर प्रथम नाव, वय, ठिकाण व जवळच्या एका व्यक्तीचा संपर्क विचारतात. ठिकाण विचारण्यामागे हेतू एवढाच की, बोलताना रुग्णाची प्रकृती धोक्यात असल्याचे लक्षात आले तर मदत पाठविता यावी. रुग्ण अल्पवयीन असल्यास सोबत प्रौढ व्यक्ती असणे नियमानुसार आवश्यक आहे. नंतर झोप, भूक, अभ्यास, काम, घर, व्यसन, पूर्वीचे आजार यांविषयी प्रश्न येतात. मरणाचे विचार येतात काय, हेही डॉक्टर सरळ विचारतात. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो हा गैरसमज आहे. उलट, बहुतेकांना कोणी तरी विचारले याचा दिलासा मिळतो. कधीकाळी अति उत्साह, झोपेविना कित्येक दिवस काम, भरमसाट खर्च असे घडले होते काय, असाही प्रश्न येतो. त्याचे उत्तर नीट द्यावे, कारण तसे असेल तर आजार निराळा असतो आणि औषधही निराळे लागते.

भेटीपूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : त्रास केव्हापासून आहे, सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, सध्या कोणती औषधे चालू आहेत, आणि डॉक्टरांना काय विचारायचे आहे. फोन पूर्ण चार्ज करून ठेवावा. मध्येच संपर्क तुटल्यास पुन्हा कोण फोन करणार हे आरंभीच ठरवावे.

दुरून बोलणाऱ्या डॉक्टरांना नाडी पाहता येत नाही, रक्त तपासता येत नाही. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, दीर्घकाळचा क्षयरोग यांतही थकवा व उदासी दिसते. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्णही आहेत. म्हणून डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्ततपासणी करण्यास सांगतील. ती टाळू नये.

औषधे व समुपदेशन

सौम्य नैराश्यात पुष्कळदा केवळ समुपदेशनाने सुधारणा होते. मध्यम व तीव्र नैराश्यात औषधांचीही गरज भासते. एस्सिटॅलोप्रॅम, फ्ल्युओक्सेटिन यांसारखी नैराश्यावरील औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत समाविष्ट आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कधीही घेऊ नयेत. त्यांच्याविषयी पाच गोष्टी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असाव्यात.

एक, ही औषधे लगेच गुण देत नाहीत. दोन ते चार आठवडे वाट पाहावी लागते. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करणे ही सर्वसाधारण चूक होय. दोन, आरंभी मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता जाणवू शकते. बहुधा ती ओसरते, न ओसरल्यास डॉक्टरांना कळवावे. तीन, पंचवीस वर्षांखालील रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत क्वचित बेचैनी वा मरणाचे विचार वाढू शकतात. म्हणून या काळात घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे व डॉक्टरांशी लवकर पुन्हा बोलावे. चार, या औषधांची दारू-तंबाखूसारखी चटक लागत नाही. मात्र ती अचानक थांबविल्यास त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावीत. पाच, बरे वाटू लागल्यावरही साधारणपणे सहा महिने वा अधिक काळ ती चालू ठेवावी लागतात.

झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या, सवय लागू शकणाऱ्या गोळ्यांवर दूरस्थ सेवेत कडक बंधने आहेत. डॉक्टरांनी त्या देण्यास नकार दिला तर तो हलगर्जीपणा समजू नये. तो नियम रुग्णाच्या हितासाठीच आहे.

समुपदेशनाचे महत्त्व औषधांहून कमी नाही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या प्रौढ रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांचा एक कार्यक्रम राबविला. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेले सामान्य कार्यकर्ते होते. रुग्णाला दिवसाचा छोटा कार्यक्रम आखून देणे, सुटलेली कामे व माणसे यांच्याकडे त्याला पुन्हा वळविणे, असे त्या बैठकांचे स्वरूप होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर या कार्यक्रमातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

आपल्याच विदर्भातील उदाहरण तितकेच बोलके आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावातील प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जाऊन नैराश्याविषयी बोलत, समुपदेशन करीत व गरजूंना डॉक्टरांपर्यंत नेत. उपक्रमापूर्वी नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी चार-पाच जणच उपचारापर्यंत पोहोचत होते. अठरा महिन्यांनंतर ही संख्या सत्तावीसवर गेली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : डॉक्टर दूर असले तरी चालते, जवळ एक विश्वासाचा माणूस मात्र हवाच.

मर्यादा व अडचणी

दूरस्थ उपचार सर्व दुःखांवरचा उतारा नव्हे. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा तालुक्यांतील अनेक गावांत मोबाईलचे रेंज बेभरवशाचे आहे. तेथे चित्रासह संपर्काचा हट्ट न धरता साध्या फोनवर बोलावे.

भाषेचा प्रश्नही आहे. मराठीबरोबरच तेलुगू, बंगाली, हिंदी बोलणाऱ्यांची सोय होऊ शकते. परंतु ज्या मुलाची मातृभाषा माडिया वा गोंडी आहे, त्याला मनातील व्यथा मराठीत मांडणे जड जाते. अशा वेळी दोन्ही भाषा जाणणारी, रुग्णाने स्वतः निवडलेली व्यक्ती सोबत असावी. गावातील प्रतिष्ठित व्यक्ती म्हणून कोणालाही बसवू नये.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण एकांताची. एका खोलीचे घर, घरात एकच फोन, तोही वडिलांकडे. मुलीने कोणाशी तरी अर्धा तास बोलायचे म्हटले की दहा प्रश्न उभे राहतात. ज्या व्यथेचे कारणच घरात आहे ती व्यथा घरच्यांसमोर कशी सांगावी? अनेक तरुण याच पायरीवर थांबतात. येथे धर्मग्राम फार मोठी मदत करू शकतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

कायदा काय सांगतो?

२०१८ साली अमलात आलेल्या ‘मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७’ नुसार शासकीय खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा लाभ घेण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे पूर्वीचे सर्वसाधारण कलम राहिलेले नाही. त्यामुळे ‘पोलीस केस होईल’ या भीतीने रुग्णालय टाळण्याचे कारण नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

‘प्रार्थना कमी पडली म्हणून असे झाले’, ‘श्रद्धा असती तर गोळ्या लागल्या नसत्या’ अशी वाक्ये आपल्याच कुटुंबांतून ऐकू येतात. ही ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे.

पवित्र शास्त्रातील पहिल्या राजांच्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलिया रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागतो. परमेश्वर त्याला दटावीत नाही. देवदूत त्याला उठवितो, खाऊ घालतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. वाटचालीचा आदेश त्यानंतर येतो. सिराक ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखण्यास सांगतो आणि औषधे ही परमेश्वराचीच देणगी असल्याचे शिकवितो. त्याच अध्यायात आजाऱ्याला प्रार्थना करण्यासही सांगितले आहे. म्हणजे प्रार्थना आणि वैद्य यांत निवड करावी लागत नाही, दोन्ही हवेत.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ नोव्हेंबर २००३ रोजी नैराश्यावरील परिषदेत बोलताना हा आजार आध्यात्मिक कसोटीही असतो असे सांगून, अशा व्यक्तीला देवाच्या वात्सल्याचा अनुभव येईल असे वागणे हे आपले कर्तव्य असल्याचे प्रतिपादन केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखत-ग्रंथात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी आपण सहा महिने दर आठवड्याला एका मनोविश्लेषक बाईंकडे जात होतो, असे मोकळेपणाने सांगितले. नोव्हेंबर २०२१ चा त्यांचा प्रार्थना-हेतू नैराश्यग्रस्तांसाठीच होता. ज्या गोष्टीची लाज पोपमहोदयांना वाटली नाही, तिची लाज आपल्या मुलांना का वाटावी?

आत्महत्येविषयीही ‘कॅथोलिक श्रद्धाग्रंथ’ (परिच्छेद २२८० ते २२८३) स्पष्ट आहे. जीवन ही देवाची देणगी आहे, ते संपविणे गंभीर अपकृत्य आहे. परंतु तीव्र मानसिक विकार व व्यथा यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. ज्या कुटुंबावर असा प्रसंग ओढवला असेल त्याला दोष न देता त्याच्यासाठी प्रार्थना करणे, त्याच्या घरी जाणे, हीच ख्रिस्ती रीत होय.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. पापनिवेदनाचा संस्कार दूरध्वनीवरून वा संगणकावरून होत नाही. संगणकीय जाळ्यावर संस्कार नसतात, हे रोमच्या २००२ सालच्या दस्तऐवजात स्पष्ट केलेले आहे. वैद्यकीय सल्ला मात्र दुरूनही घेता येतो. तसेच धर्मगुरू पापांची क्षमा देतात, आजाराचे निदान करीत नाहीत. डॉक्टर निदान करतात, क्षमा देत नाहीत. रुग्णाला दोन्हींची गरज असू शकते. कोणत्याही साधनेत, तपसाधना शिबिरात वा रोगमुक्तीच्या प्रार्थनासभेत कोणी ‘आता गोळ्या सोडा’ असे सांगितल्यास ते मानू नये. औषध बंद करण्याचा निर्णय फक्त डॉक्टरांचा.

धर्मग्रामाने काय करावे?

अ) चर्चच्या आवारात, शाळेत वा कॉन्व्हेंटमध्ये रेंज चांगले येणारी एक खोली आठवड्यातील ठराविक वेळी मोकळी ठेवावी. खुर्ची, बंद होणारे दार, फोन चार्ज करण्याची सोय आणि पिण्याचे पाणी एवढे पुरे. खोलीला ‘मानसिक उपचार कक्ष’ असे नाव देऊ नये, अभ्यासिका म्हणावे. कोण आले, कोणाशी बोलले याची नोंद ठेवू नये.

आ) दोन-तीन प्रौढ व्यक्ती, त्यांत एक तरी महिला, सोबतीसाठी तयार कराव्यात. त्यांनी फोन जोडून द्यावा व दाराबाहेर थांबावे. अल्पवयीन रुग्णासोबत प्रौढाने आत बसताना बाल-संरक्षणाचे नियम पाळावेत. पालकांना कळविणे सर्वसाधारणपणे आवश्यक आहे. घरातच अत्याचार होत असल्याची शंका असल्यास १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवावे.

इ) ऐकलेले बाहेर सांगू नये. प्रार्थनागटात नाव घेऊन ‘अमक्यासाठी प्रार्थना करा’ असे म्हणणे हाही गोपनीयतेचा भंगच आहे.

ई) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी वा धर्मग्रामातील अन्य सेवासंस्थेने रक्ततपासणी, प्रवासभाडे व औषधे यांसाठी गुप्तपणे साहाय्य करावे.

उ) युवक मेळावे व धर्मशिक्षण वर्गात वर्षातून एकदा तरी या विषयावर बोलावे. १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर कायमचा लावावा.

ऊ) जो उपचार घेत आहे त्याला गायनवृंद, वेदीसेवा, खेळ यांतून वगळू नये. तसेच जबरदस्तीने पुढेही ढकलू नये.

तातडीच्या प्रसंगी

काही प्रसंगी दूरस्थ भेटीची वाट पाहू नये. जगणे संपविण्याचा बेत बोलून दाखविणे, निरोप घेतल्यासारखे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, अन्नपाणी पूर्ण सोडणे, भास होणे, यांपैकी काही दिसल्यास त्या व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडू नये. शेतीची कीटकनाशके, दोर, धारदार वस्तू व औषधांचा साठा दूर, कुलपात ठेवावा. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या ग्रामीण अथवा उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. वाटेत १४४१६ वर मार्गदर्शन घ्यावे. विषप्राशनाची शंका असल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. उपदेश, वाद, शपथा यांची ती वेळ नसते. ‘मी तुझ्याजवळ आहे’ एवढे पुरे.

समारोप

आमच्या वाचकांपैकी कोणी आज स्वतःच या अंधारातून जात असेल, तर त्यास आम्ही आवर्जून सांगतो : तू देवाने टाकलेला नाहीस, आणि तू दुबळाही नाहीस. तुला आजार झाला आहे व त्यावर उपचार आहेत. एका विश्वासाच्या माणसाला आज सांग, किंवा १४४१६ वर बोल. पहिला फोन लागला नाही तर दुसऱ्यांदा लाव.

आणि आई-वडील, शिक्षक, धर्मगुरू, धर्मभगिनी या सर्वांना आमची विनंती की, एखाद्या मुलाने ‘मला करमत नाही’ असे म्हटले तर हातातील काम क्षणभर बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे. सल्ला मागून द्यावा. आधी ऐकून घ्यावे. आजाऱ्यांचे आरोग्य पवित्र मरियामाता आपल्या तरुणांसाठी, त्यांच्या कुटुंबांसाठी व त्यांची सेवा करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांसाठी प्रभू येशूकडे मध्यस्थी करो.